सईबाईचा तेलाचा डबा

साहेब, तुम्ही एका म्हातारीच्या घरी गेलात, तिच्या हातची कॉफी प्यायलात, तिच्याच तोंडून तुम्हाला हवं ते वदवून घेतलंत आणि तिला तिच्या मुलाची मारेकरी ठरवून निघून आलात. निघताना तिनं तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. तुम्ही मोबाइलकडे बघत चपला घातल्यात. तुमचं नाव मी घेणार नाही. तुमच्यासारख्यांचं काम नावावर चालत नाही, खुर्चीवर चालतं.

बालमित्रांनो, दचकू नका. मी एक जुना डबा आहे. स्टीलचा, कडी असलेला, तेल ठेवायचा. आमच्या घरात मला तूक्कु म्हणतात, कारण कडीला धरून उचलायचा तो तूक्कु. आता माझी कडी गेली आहे, अंग काळं पडलं आहे आणि झाकणातून दोन नळ्या वर आल्या आहेत. असलं ध्यान तुम्ही कुठल्या स्वयंपाकघरात बघितलं नसेल, कुठल्या गॅरेजातही नाही. तरी घाबरू नका. भुतं असतात ती माझ्यात नाहीत, माझ्या आसपास आहेत. त्यांतलं एक जिवंत आहे आणि एसीच्या केबिनमध्ये बसलं आहे.

पण सुरुवातीपासून सांगतो.

तंजावरच्या एका भांड्यांच्या दुकानात मी दोरीला टांगलेला होतो. राणोजी नावाच्या तंजावरी मराठी गृहस्थांनी मला खाली उतरवून घेतलं. त्यांच्या मुलीचं, सईबाईचं लग्न ठरलं होतं. आमच्याकडे लेकीला द्यायच्या भांड्यावर नाव घालतात. दुकानदारानं छोटं यंत्र लावलं आणि टकटकटक करत माझ्या पोटावर तमिळ अक्षरांत ‘सईबाई’ कोरलं. त्या क्षणापासून मी नुसता डबा राहिलो नाही, मी कुणाचा तरी झालो. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते एका माणसानं अंगठ्यानं पुसून वाचलं.

सईबाई मला घेऊन मद्रासला आली. तेव्हा चेन्नईला सगळे मद्रासच म्हणायचे. मैलापुरात, देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत तिचा संसार. माझ्यात घाण्याचं तिळाचं तेल असायचं. शनिवारी ती त्यातलं थोडं पळीत घ्यायची, दोन मिरे टाकून कोमट करायची आणि रघूच्या डोक्यावर थापायची. रघू म्हणजे रघुराम, तिचा एकुलता एक. तो पाटावर बसून वळवळायचा. “अम्मा, डोळ्यांत जातंय!” “जाऊ दे रे, डोळे थंड होतील,” म्हणत ती आणखी ओतायची. तेलकट हातानंच मला बंद करायची, त्यामुळे माझ्या कडीवर तिची बोटं कायमची उमटलेली असत.

तिचा एक नेम होता. तेलाचं भांडं कधी कोरडं पडू द्यायचं नाही. नवीन तेल येईपर्यंत तळाशी चमचाभर तरी ठेवायचं. “तेल संपलं” असं ती म्हणायची नाही, “तेल वाढलं” म्हणायची. रिकामं तेलाचं भांडं घरात असणं म्हणजे घरातल्या माणसाचं काहीतरी उणं होणं, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं. मी खरं-खोटं करत बसत नाही. माझ्या तळाशी कायम थोडी ऊब असायची, मला तेवढं पुरे होतं.

पुढे रघू मोठा झाला. “अम्मा, नक्को, ऑफिसला उशीर होतोय,” असं म्हणायला लागला. घरात पिशवीतलं तेल आलं. मी माळ्यावर गेलो, कोलूच्या मोडक्या बाहुल्यांशेजारी. नवरात्रात पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्या त्या. एकीचं नाक गेलं होतं, एकीचा हात. वर्षानुवर्षं अंधारात आम्ही एकमेकांकडे बघत होतो. कुणी विचारलं नाही. तक्रार नाही, फक्त सांगतो. जुनं झालेलं माणूस काय आणि भांडं काय, खालून येणारे आवाज ऐकत दिवस काढतं. मी रघूच्या लग्नाचे नादस्वरम् ऐकले, सईबाईच्या नवऱ्याला नेलं तेव्हाची शांतता ऐकली.

मग एके सकाळी माळ्याचं दार उघडलं आणि रघूचा हात आत आला. केस पांढरे व्हायला लागलेला, नुंगंबाक्कमला एका जहाज कंपनीच्या कचेरीत काम करणारा रघू. त्यानं मला फुंकून, पुसून बघितलं आणि खाली हाक मारली, “सापडला!”

त्यानं अण्णा नगरच्या एका डॉक्टरांची वापरलेली छोटी गाडी घेतली होती. टर्बोची. टर्बो म्हणजे काय, ते रघूनं बायकोला, श्रीरंजनीला, इतक्या वेळा समजावलं होतं की मलाही माळ्यावर पाठ झालं होतं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो इंजिनात जादा हवा कोंबतो. म्हणून एवढीशी गाडी उधळल्यासारखी पळते. पण जोर वाढला की इंजिनाच्या पोटातून तेलाची वाफही जास्त उठते. कंपनी ती वाफ एका नळीनं पुन्हा इंजिनाच्या तोंडात सोडते. मग घशात चिकट थर बसतो. रघूनं एकदा नळी काढून आत बोट घातलं, ते काळंकुट्ट झालं. तेव्हापासून त्याला झोप नव्हती. मधे एक डबा बसवायचा, एवढंच त्याच्या डोक्यात. वाफेनं एका नळीतून डब्यात यायचं, तेल तळाशी टाकायचं आणि सुकी हवा होऊन दुसऱ्या नळीनं जायचं.

“विकत मिळतो ना असला डबा?” श्रीरंजनीनं विचारलं. ती शाळेत विज्ञान शिकवते आणि नवऱ्याला विद्यार्थ्यांसारखंच धारेवर धरते.

“मिळतो. पण मी करणार.”

“बरोबर आहे. विकतचं चांगलं असतं, ते घ्यायचं नाही. घरातलं धड आहे त्याला भोक पाडायचं. आत्याबाई, बघा तुमचा लेक तुमच्या डब्याला भोक पाडतोय!”

सईबाई गुडघे धरत आली. मला त्याच्या हातात बघून तिचा चेहरा बदलला.

“माझ्या बाबांनी दिलेलं भांडं रे तें! कोण म्हणालं तुला हात लावायला?”

“अम्मा, यात तेलच राहणार आहे. गाडीचं तेल. हा पकडून ठेवणार.”

“तेल धरणार?”

“तेच काम.”

तिनं माझ्या पोटावरच्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “तेल धरायला त्याला शिकवायला नक्को. ने. पण कोरडा ठेवायचा नाही, सांगून ठेवतें. तुझ्या गाडीत असू दे नाहीतर विमानात असू दे.”

“सरी, बरं अम्मा, एक थेंब तुझ्यासाठी ठेवीन.”

“माझ्यासाठी कशाला? तुझ्यासाठी.”

पुदुपेट्टैत गाड्यांच्या जुन्या भागांचा बाजार आहे. तिथं सुब्बाचं वेल्डिंगचं दुकान. त्यानं मला उलटसुलट केलं आणि हसून म्हणाला, “सार, सांबार कुठाय? नुसता डबा घेऊन आलात.” झाकणाला दोन भोकं पडली. साहेब, भोक पडताना आवाज होतो तो तुम्हाला माहीत आहे, पण ज्याला पडतं त्याला कसं वाटतं ते माहीत नाही. मला वाटलं, झालं, आता मी कशाचाच राहिलो नाही. सुब्बानं आत येणारी नळी खोल उतरवली आणि बाहेर जाणारी नळी अगदी वर, झाकणालगत ठेवली. मधे भांडी घासायची स्टीलची घासणी कोंबली, म्हणजे वाफ तिच्यावर आपटून तेलाचे थेंब होतील. तिचे तुकडे उडू नयेत म्हणून वरच्या नळीच्या तोंडाला चहाच्या गाळणीची जाळी लावली. झाकणाखाली बुचाची चकती, बाजूला खटके, तळाशी तेल सोडायची छोटी तोटी.

मित्रांनो, ही बांधणी नीट लक्षात घ्या. माझ्यात आलेलं तेल तळाशी पडतं आणि तिथंच राहतं. वरच्या नळीपर्यंत ते पोचायचं तर मला काठोकाठ भरावं लागेल. चमचाभर तेल माझ्यातून इंजिनात जाणं म्हणजे विहिरीतल्या तांब्याभर पाण्यानं काठ ओलांडून रस्त्यावर यावं तसं. होत नाही. होऊ शकत नाही.

पहिल्यांदा रघूनं साधी पाण्याची नळी जोडली होती, ती आठवड्यात तेलानं लिबलिबीत झाली. सुब्बानं कपाळावर हात मारला, “सार, ही कुंड्यांना पाणी घालायची!” मग तेलाला दाद न देणारी जाड नळी आली. सगळं जोडायच्या आधी रघूनं एक गोष्ट केली. मला पाण्याच्या बादलीत बुडवलं, एका नळीवर अंगठा दाबला आणि दुसऱ्या नळीला तोंड लावून गाल फुगवून फुंकर मारली. कुठून बुडबुडे येतात का बघायला. एकही आला नाही. त्याचा अख्खा श्वास माझ्यात कोंडला गेला. कोमट होता, कॉफीच्या वासाचा. बाहेर सोडला तेव्हाही सगळा गेला नाही असं मला वाटतं.

ते माझे चांगले दिवस. रघू दर रविवारी बॉनेट उघडायचा, तोटी फिरवून काळपट तेल बाटलीत काढायचा आणि गल्लीतल्या लोकांना दाखवायचा, “हे बघा, हे सगळं इंजिनाच्या घशात गेलं असतं!” लोक माना डोलवायचे. श्रीरंजनी म्हणायची, “लोकांची मुलं शाळेत पहिली येतात तेव्हा एवढं दाखवत नाहीत.” पण तीच एकदा माझ्या अंगावरचं नाव पदरानं पुसताना मी बघितली. तळाशी रघू थोडं तेल ठेवायचा. अम्माला दिलेला शब्द.

मग तेल जास्त यायला लागलं. रविवारपर्यंत थांबायची सोय राहिली नाही. आणि एक वास यायला लागला, जळक्या तेलाचा. तो माझ्यातून येत नव्हता. माझ्यामागे वीतभर अंतरावर टर्बोला तेल नेणारी एक बारीक धातूची नळी आहे. तिच्या वाकणावर केसाएवढी चीर गेली होती. तिथं तेल घामासारखं फुटायचं आणि खालच्या तापलेल्या लोखंडावर पडून चुरचुरायचं. मी ते रोज बघत होतो. मला दोन तोंडं आहेत, साहेब, पण जीभ नाही.

रघूला मात्र वास कळला. कंपनीची हमी शिल्लक होती म्हणून तो गाडी तुमच्याकडे घेऊन आला. तुमच्या वर्कशॉपमधले ते पांढरेशुभ्र दिवे मला आठवतात. तुम्ही बॉनेटखाली वाकलात आणि मला बघून सरळ झालात.

“हे काय आहे?”

“कॅच कॅन आहे सार, तेल पकडायचा डबा. घरी केलाय. पण वास याचा नाही, मागून कुठूनतरी...”

“कॅच कॅन!” तुम्ही मागे उभ्या असलेल्या मुलांकडे वळून म्हणालात, “या, बघा. इंजिनाला इडलीचं पातेलं बसवलंय!”

ती मुलं हसली. रघूही हसला. तो तसाच होता, दुसऱ्यांनी केलेल्या आपल्या चेष्टेतही सामील व्हायचा.

“सार, तो वास तेवढा बघता का? आणि तेल फार जमतंय हल्ली.”

“आधी हे काढून आणा. मग बघू. असलं काही बसवलेलं असताना आम्ही हात लावत नाही.”

तेव्हा रघूनं खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, तिथल्या तिथं माझ्या नळ्या सोडवल्या, गाडीची जुनी नळी जागेवर बसवली आणि मला हातात धरून तुमच्यासमोर उभा राहिला. “काढला, सार. आता बघा.”

तुम्ही घड्याळ बघितलंत. “आज होणार नाही. पूजेच्या सुट्ट्या झाल्यावर या.”

तुमच्या हातात दिवा होता. पेटवलेला. तो वीतभर पुढे न्यायचा होता. पण मी सापडल्यावर तुम्हाला पुढे बघायची गरजच उरली नव्हती. चूक चिकटवायला एक गावठी डबा मिळाला की शहाण्या माणसाचं काम संपतं.

रघूनं घरी येऊन मला पुन्हा बसवलं. “सुट्ट्या झाल्या की जातो,” असं श्रीरंजनीला म्हणाला. “तोपर्यंत हा आहे म्हणून निदान किती तेल येतंय ते कळतंय तरी.”

आयुधपूजेच्या दिवशी आमच्याकडे ज्याच्या-त्याच्या कामाच्या वस्तूची पूजा होते. रघूनं गाडी धुतली. मला साबणानं आतून-बाहेरून घासलं, उन्हात वाळवलं, चकाचक केलं आणि बसवलं. पूजा म्हणून त्यानं मला इतकं स्वच्छ केलं की त्या एका दिवशी माझ्या तळाशी थेंब ठेवायचं तो विसरला. गाडीला चंदन-कुंकू लागलं, हार पडला, चाकांखाली लिंबं आली. रघू आणि श्रीरंजनी दृष्ट काढून फोडायचा कोहळा आणायला घरात गेले.

सईबाई मागे राहिली. बॉनेट पूजेसाठी उघडं होतं. तिनं बोटानं मला कुंकू लावलं आणि नाव वाचलं. मग खटके काढून झाकण उचललं. आत बघितलं. मी कोरडा ठणठणीत होतो.

“अय्यो,” एवढंच ती म्हणाली.

ती घरात गेली. येताना पळीत तिळाचं तेल होतं, कोमट केलेलं. दोन मिरेही टाकले होते, ते तिनं बाहेर ठेवले. तिनं चमचाभर तेल माझ्यात सोडलं. कितीतरी वर्षांनी तो वास माझ्यात आला. पाटावर वळवळणारा मुलगा, शिकेकाई, शनिवार, सगळं आलं. मला वाटलं मी गाडीत नाहीच.

“याला नीट ने, नीट आण,” ती माझ्याशी बोलली. “मी सांगितलेलं तो ऐकत नाही. तू ऐक.”

तिनं झाकण लावलं. खटके दाबले. पूर्वीसारखीच तिची तेलकट बोटं माझ्यावर राहिली.

पुढचं मला फार सांगता येणार नाही आणि तुम्ही लहान आहात. सुट्टीनंतर कचेरी उघडली त्याच दिवशी, नुंगंबाक्कमहून घरी येताना, चांगल्या उजेडात, गर्दीच्या रस्त्यावर ती चीर उघडली. तेलाची धार तापलेल्या टर्बोवर पडली. रघूनं धूर बघितला, गाडी कडेला घेतली, उतरला. तिथंच तो सुटला होता. पण मनुष्य आहे, काय झालं ते बघायला त्यानं बॉनेट उचललं. कोंडलेल्या आगीला हवा मिळाली. हे तुम्ही कधी करू नका. बॉनेटमधून धूर आला तर लांब व्हा, गाडी जाऊ द्या. उसाच्या रसाच्या गाडीवाल्यानं आणि रस्त्यावरच्या लोकांनी वाळू आणि पाणी मारून आग विझवली. माझ्या रबरी नळ्या जळाल्या, कडी तुटून पडली. मी एका कोपऱ्यात होतो म्हणून राहिलो. रघू इस्पितळातून परत आला नाही.

त्यानंतर गाडी एका आवारात, पिंपळाखाली उभी केली. तिथं पुन्हा तुम्ही आलात, साहेब. या वेळी कंपनीचे तज्ज्ञ म्हणून. मी तुम्हाला ओळखलं. तुम्हीही मला ओळखलंत, कारण तुम्ही सरळ माझ्याकडे आलात. झाकण उचकटलंत. तळाशी घट्ट झालेलं तेल होतं. तुम्ही वास घेतलात आणि तुमचा चेहरा उजळला. ते मी विसरणार नाही. एक माणूस जळून गेला होता आणि तुमचा चेहरा उजळला.

“हे खायचं तेल आहे,” तुम्ही म्हणालात. अंगठ्यानं काजळी पुसलीत आणि माझ्या अंगावरचं नाव वाचलंत. “सईबाई कोण?”

माझ्यामागे वीतभरावर ती फाटलेली नळी होती. या वेळी ती केसाएवढी नव्हती, बोट जाईल एवढी होती.

मग तुम्ही मैलापूरला आलात. मीही होतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तुमच्या माणसाच्या हातात. सईबाईनं तुम्हाला पेला-वाटीत कॉफी दिली. दारात आलेल्याला तसंच पाठवायचं नाही, हे तिला सुतकातही सुटलं नाही. तुम्ही फार गोड आवाजात विचारलंत, “अम्मा, यात तुम्ही कधी तेल घातलं होतं का?”

“होय की. पूजेच्या दिवशी. चमचाभर. कोरडा होता म्हणून.”

श्रीरंजनी आतून धावत आली. “आत्याबाई, थांबा!” पण तुम्हाला पाहिजे ते मिळालं होतं. तुम्ही उठलात. सईबाईनं तुमच्याकडे बघितलं, मग पिशवीकडे, मग पुन्हा तुमच्याकडे. तिला हळूहळू काहीतरी कळत गेलं. ते तिच्या चेहऱ्यावर चढत गेलेलं मी प्लॅस्टिकमधून बघितलं.

“साहेब,” तिनं विचारलं, “माझ्या तेलानं पेटली का गाडी?”

तुम्ही मोबाइल बघितलात. “रिपोर्ट येईल, अम्मा.”

रिपोर्ट आला. घरगुती डबा, खाद्य तेल, कुटुंबाचा हलगर्जीपणा. नळीचा शब्द नाही. रघू गाडी घेऊन तुमच्या दारात आला होता त्याचा शब्द नाही. काम झाल्यावर तुम्ही मला घरी पाठवून दिलंत.

सईबाईनं मला आत घेतलं नाही, फेकूही दिलं नाही. गच्चीवर, तुळशीजवळ ठेवलं. त्या दिवसापासून ती तेलाला शिवत नाही. देवाजवळची समई बंद आहे. तिचे केस काथ्यासारखे झाले आहेत, श्रीरंजनी तेल घेऊन मागे बसली तर ती डोकं झाकून घेते. भाजीला फोडणी बसली की उठून बाहेर येते आणि माझ्यासमोर बसते.

आणि संध्याकाळी समुद्राचं वारं सुटतं. मैलापूरपर्यंत ते नेहमी येतं. माझ्या दोन उघड्या नळ्यांवरून ते गेलं की माझ्यातून आवाज निघतो. घोगरा, लांब, कुणीतरी गाल फुगवून फुंकर मारावी तसा. पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा सईबाई उठून उभी राहिली.

“काय रे रघू?” ती म्हणाली. “डोळ्यांत गेलं?”

मी काय करू, मित्रांनो? मी वाजणं थांबवू शकत नाही. रोज संध्याकाळी मी वाजतो आणि रोज ती मला विचारते, “माझ्या तेलानं का रे?” आणि मी पुन्हा तोच एक सूर काढतो. तिला तो होकार वाटतो.

श्रीरंजनीनं खूप केलं. एकदा मला घेऊन सासूसमोर बसली. आत येणाऱ्या नळीत वाटीभर पाणी ओतलं आणि सासूचं बोट धरून दुसऱ्या नळीच्या तोंडावर ठेवलं. “बघा, आत्याबाई. बोट ओलं झालं? आत गेलेलं बाहेर येत नाही. तुमचा चमचा तळाशीच होता. तिथंच राहिला. त्यानं काही केलेलं नाही.”

सईबाईनं आपलं कोरडं बोट बराच वेळ बघितलं.

“तू माझी सून आहेस, कण्णा,” ती म्हणाली. “तू असंच म्हणणार. मी त्या साहेबांना विचारलं होतं. त्यांना ठाऊक आहे. त्यांनी सांगावं.”

“ते सांगणार नाहीत.”

“मग आपण जाऊं.”

म्हणून आज आम्ही इथं आहोत, साहेब. तुमच्या काचेच्या खोलीबाहेर, पांढऱ्या सोफ्यावर. दारावरचा रखवालदार म्हणाला, “मॅडम, जेवणाचा डबा आत चालत नाही.” सईबाई म्हणाली, “जेवण नाही बाबा, माझ्या मुलाच्या गाडीचं आहे.” तो बाजूला झाला. टेबलामागच्या मुलीनं विचारलं, वेळ घेतली आहे का. “आमच्या घरी येताना त्यांनी घेतली होती का?” श्रीरंजनीनं विचारलं. मुलगी आत जाऊन आली. “सार मीटिंगमध्ये आहेत.” काचेतून तुम्ही दिसताय. एकटेच आहात. आत्ताच उठून पडदा ओढलात तुम्ही.

मित्रांनो, माझ्यासारख्यांच्या गोष्टीच्या शेवटी काहीतरी शिकवण असते. माझीही ऐका. जुन्या वस्तूला भोक पाडा, जोडा, कामाला लावा, ती रागावत नाही. पण काही बिघडलं तर झाकण उघडून, दिवा पुढे नेऊन, मागेसुद्धा बघा. समोर दिसलं त्याच्यावर खापर फोडून घरी जाऊ नका. त्या घाईत माणसं मरतात, आणि मागे राहतात ती अर्धी मरतात.

आणि साहेब, गाडी अजून पिंपळाखाली उभी आहे. नळी जागेवर आहे. तुम्हाला ते माहीत आहे, म्हणून तर पडदा ओढलात.

सईबाईनं मला मांडीवर घेतलंय. तिचे हात कोरडे आहेत. वर एसीचं तोंड आहे, त्याची गार हवा माझ्या नळ्यांवरून जातेय. ऐका. तुमच्या ह्या चकचकीत खोलीत मी वाजायला लागलोय. टेबलामागच्या मुलीनं मान वर केली. रखवालदारानं इकडंतिकडं बघितलं. पडद्यामागं तुमची सावली उभी राहिली.

सईबाई माझ्याकडे बघत नाही. ती तुमच्या दाराकडे बघतेय, आणि तिनं पुन्हा विचारलंय, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“माझ्या तेलानं पेटली का गाडी?”

दार तुमच्या बाजूनं उघडतं, साहेब. बोला. हो, की नाही?